पादचाऱ्यांची नुकसानभरपाई : कायद्यातील एक विसंगती

सुरत-नागपूर महामार्ग (पूर्वीचा क्र. ६, आताचा ५३) धुळे व जळगाव या दोन्ही शहरांना जोडतो. या महामार्गावर पादचाऱ्याचा पाय मोडल्यास त्याचे मोल कायदा कसे ठरवतो, हे तपासणे उद्बोधक आहे.

मोटार वाहन अधिनियम, १९८८ मधील २०१९ च्या दुरुस्तीनुसार कलम १६४ अन्वये चालकाची चूक सिद्ध न करता मृत्यूबद्दल ५ लाख व गंभीर दुखापतीबद्दल २.५ लाख रुपये मिळतात. मात्र वाहन पळून गेले व सापडले नाही, तर कलम १६१ अन्वये ही रक्कम अनुक्रमे २ लाख व ५० हजार ठरते. २०२२ पूर्वी ती २५ हजार व १२,५०० होती. ही वाढ स्वागतार्हच. परंतु इजा तीच असताना भरपाई एकपंचमांश का? शिवाय प्रतिवादीच अज्ञात असल्याने वय, उत्पन्न व अपंगत्व विचारात घेणारा कलम १६६ खालील दावाही खुंटतो.

थोडक्यात, पोलीस तपासातील अपयशाचा भुर्दंड जखमी पादचाऱ्यावर पडतो. कलम १६१ खालील रक्कम मोटार वाहन अपघात निधीतून दिली जाते. तेव्हा दोन्ही कलमांतील रकमा समान करणे हाच न्याय्य उपाय होय.