हार नको, भांडण हवं

सारोळ्यातला आमचा दोस्त गेला त्याला वर्ष झालं. शोकसभेत आम्ही त्याला पार देवमाणूस करून टाकलं. तो असता तर म्हणाला असता, "बसा खाली. वाचलंय काय, ते बोला."

बाबूराव बागुलांचं 'जेव्हा मी जात चोरली होती' (१९६३) त्यानंच माझ्या हातात दिलं. शीर्षककथेतला 'मी' गुजरातेत रेल्वेच्या नोकरीवर जातो, खोलीसाठी जात लपवतो. जात उघडी पडते नि तो मार खातो. मी टिपण लिहिलं : 'हृदय हेलावणारी कथा'. त्यानं फुली मारली. "अन् काशिनाथ कुठं गेला?"

काशिनाथ जात लपवत नाही. हिणवणाऱ्यावर उलटतो, आणि जात लपवणाऱ्याला सोडवायलाही तोच धावतो. आमची समीक्षा वेदना मोजते, माणसं वाचत नाही, हे मला तेव्हा कळलं.

पण त्या दिवसांत नोकरीच्या गावी खोलीसाठी मीही आडनाव चोरलं होतं. नीरेच्या पुलावर एका रात्री त्याला सांगितलं. तो म्हणाला, "भेकड आहेस."

इथं तो चुकला. बागुल कथेतल्या 'मी'ला भेकड म्हणत नाहीत. अख्खी कथा त्यांनी त्याच्याच तोंडून सांगितली, काशिनाथाच्या नाही. चोरी करायला लावणारी व्यवस्था त्याच्याच पाठीवरच्या वळांतून दिसते. नुसता काशिनाथ असता तर टाळ्या पडल्या असत्या, आरसा मिळाला नसता.

एवढं त्याला सांगायचं राहून गेलं. म्हणून फोटोला हार न घालता हे भांडण इथं छापतोय. वाचायला त्यानंच शिकवलं. जयभीम, गड्या.