कृष्णधवल प्रतिमा आणि तिची डिजिटल पूर्वपरीक्षा

कृष्णधवल फिल्मवर छायाचित्र घेण्यापूर्वी तोच प्रसंग डिजिटल कॅमेऱ्याने टिपून प्रकाशयोजना व एक्स्पोजर पडताळून पाहण्याची रीत आज अनेक अभ्यासकांनी स्वीकारली आहे. फिल्म महाग, एका रोलात चित्रे छत्तीस, आणि निकाल रसायनातून बाहेर येईपर्यंत अज्ञात. तेव्हा ही सावधगिरी स्वाभाविकच होय. पूर्वी हेच काम पोलरॉइडच्या तत्काळ चित्राकडून करून घेत असत. प्रश्न सोयीचा नसून प्रामाण्याचा आहे. या परीक्षेने नेमके काय सिद्ध होते, एवढेच येथे पाहावयाचे आहे.

‘जरा’ हा शब्द घ्यावा. ‘थोडे’ या अर्थी त्यातील ‘ज’ दंततालव्य, तर ‘वार्धक्य’ या अर्थी तालव्य. कानाला भेद स्पष्ट आहे. लिपीत तो मिटतो, व वाचक संदर्भाने तो परत मिळवितो. रंगांच्या बाबतीत कृष्णधवल फिल्मचे असेच आहे. लाल लुगडे आणि हिरवे पान तिच्यावर जवळजवळ एकाच करड्या छटेत उतरू शकतात. मात्र कोणते भेद मिटावेत, हे प्रत्येक लिपी आपल्या नियमाने ठरविते. ऑर्थोक्रोमॅटिक फिल्म लाल रंगास आंधळी असल्याने तो काळा दाखविते. पॅनक्रोमॅटिक फिल्म सर्व रंग ओळखते, परंतु डोळ्याच्या मानाने निळ्यास झुकते माप देते. आकाश पांढरे पडू नये म्हणून पिवळा फिल्टर लावतात तो यामुळेच. उलट, डिजिटल रंगीत चित्राचे करड्यात रूपांतर करण्याच्या एका रूढ सूत्रात हिरव्याचा वाटा सुमारे ५९, लालाचा ३० आणि निळ्याचा अवघा ११ टक्के असतो. म्हणजे आपण एका लिपीतील मजकुराचे मुद्रितशोधन दुसऱ्या लिपीत करीत असतो.

‘प्रभात’चा ‘कुंकू’ (१९३७) या दृष्टीने पाहण्यासारखा आहे. व्ही. शांताराम यांच्या या चित्रपटाचे नावच एका लाल चिन्हाचे. आणि पडद्यावर लाल रंग मुळीच नाही. तरीही नीरेच्या कपाळावरील त्या गडद ठिपक्याचा अर्थ प्रेक्षकास सांगावा लागत नाही. रंग गेला तरी त्वचेशी असलेला त्याचा विरोध टिकला, म्हणून अर्थ टिकला. तेव्हा परीक्षा करावयाची ती या विरोधाची.

एक्स्पोजरच्या बाबतीत मतभेद अधिक गंभीर आहे. डिजिटल कॅमेऱ्यात अतिप्रकाशित भाग एका मर्यादेपलीकडे एकदम कोरा होतो. म्हणून तेथे उजेड सांभाळावयाचा असतो. निगेटिव्हचे उलटे आहे. अतिप्रकाश ती बराच सोसते. सावलीत मात्र जे नोंदलेच गेले नाही, ते पुढे कोणत्याही उपायाने मिळत नाही.

धंतोलीतील एखाद्या जुन्या घराच्या ओसरीवर मे महिन्याच्या दुपारी पांढरे धोतर नेसलेला सावळा वृद्ध बसला आहे, असे समजू. धोतरावर ऊन, चेहऱ्यावर सावली. डिजिटल पडदा धोतर जळते असा इशारा देतो. विद्यार्थी एक्स्पोजर कमी करतो आणि तोच आकडा फिल्मवर वापरतो. धोतराची प्रत्येक चुणी उतरते, माणूस हरवतो. धोतर डेव्हलपिंग आटोपते घेऊन किंवा छपाईत सावरता आले असते. चेहरा येणार नाही. ही केवळ तांत्रिक चूक नव्हे. चित्रात कोणास राखावयाचे, हा निर्णय आपण नकळत यंत्रावर सोपविला, हा खरा दोष होय.

दीर्घ एक्स्पोजरमध्ये तर आकडाही जसाच्या तसा चालत नाही. इलफर्डच्या एचपी ५ प्लस या फिल्मवर मोजणीने १० सेकंद आले, तर उत्पादकाच्या सूत्रानुसार सुमारे २० द्यावे लागतात. डिजिटल कॅमेऱ्यास अशा वाढीची गरज नसते.

मग ही रीत त्याज्य मानावी काय? तसे नाही. प्रकाशाची दिशा, सावलीची जागा, चष्म्यावरील चकाकी, दोन दिव्यांतील प्रमाण, एवढ्यापुरती तिची साक्ष ग्राह्य आहे. छटांविषयी तिची साक्ष तपासून घ्यावी, आणि एक्स्पोजर ज्या सावलीत तपशील हवा तिच्यावरून ठरवावे. ज्यास ही रीत खरोखर वापरावयाची आहे, त्याने एक संपूर्ण रोल प्रत्येक प्रसंगाच्या डिजिटल जोडचित्रासह, आकडे टिपून घ्यावा आणि दोन्ही शेजारी ठेवून वाचावीत. त्यातून जो द्विभाषी कोश तयार होईल, तो हाती आल्यावरच पूर्वपरीक्षेस अर्थ येईल. तोवर ती केवळ दिलासा होय.