सिमेंटची घाई

महाड-पोलादपूरकडे जुन्या घराची डागडुजी म्हणजे सिमेंटची गोणी, असं समीकरण झालंय. ते तपासायला हवं. दगड-माती-चुन्याची भिंत पावसाळ्यात ओल घेते आणि पुढे सोडते. सिमेंटचा गिलावा ती वाट बंद करतो. ओल आत कोंडते, माती सुटते, पोपडे निघतात. मग मालक पुन्हा सिमेंटच थापतो. जुलै २०२१च्या सावित्रीच्या पुरानंतर ही घाई समजण्यासारखी होती. पण चिखल धुतल्या धुतल्या गिलावा केलेली भिंत वाळणार कधी?

रायगडावर जगदीश्वराच्या पायरीवर हिरोजी इंदुलकरांचं नाव कोरलेलं आहे. आपल्या भिंती रचणारे गवंडी निनावी राहिले. त्यांचं म्हणणं दरजांत आहे: चुना दगडापेक्षा मऊ असावा, झिजायचं ते त्यानं झिजावं. दरजा भरण्याआधी ते वाचावं.