फोर-नाइंटीच्या जागी फोर-नाइंटी

कोलाड नाक्यावरून रोह्याला रोज जा-ये करणाऱ्या एका महिंद्रा एमएम ५४० जीपचं इंजिन अखेर थकलं. सकाळी सुरू व्हायला कुरकुर, नागोठण्याकडं जाताना सुकेळी खिंडीच्या चढाला निळा धूर, आणि ऑइल तर प्यायलाच लागलं होतं. गाडी मोडीत काढायची मालकाची तयारी नव्हती, आणि त्याचं बरोबरच होतं. चेसिस सरळ, पत्रा धड, गिअरबॉक्सला आवाज नाही. दुसरं इंजिन घालायचं ठरलं. ते कोणतं, हे कोलाडच्या ज्या मिस्त्रींनी ठरवलं त्यांच्या निवडीत इतकी समज आहे की तिचा एकेक पदर सावकाश उलगडून बघावा.

आधी मूळ इंजिन. पेजोचं एक्सडीपी ४.९०, गॅरेजात सगळे त्याला फोर-नाइंटीच म्हणतात. चार सिलिंडर, प्रत्येकाचा व्यास ९० मिलिमीटर, एवढा तपशील त्या आकड्यातच आला. महिंद्रानं फ्रान्सच्या पेजोकडून परवाना घेतला आणि हे इंजिन आपल्याकडं बनू लागलं, ते इगतपुरीच्या कारखान्यात. पिस्टनची धाव, म्हणजे स्ट्रोक, ८३ मिलिमीटर. एकूण २११२ सीसी. आता या दोन आकड्यांकडं जरा निरखून बघा. धाव व्यासापेक्षा कमी आहे. त्या काळातल्या डिझेल इंजिनांत हे सहसा दिसत नाही. तिथं धाव लांब ठेवायची रीत. धाव आखूड असल्यानं हे इंजिन मिनिटाला ४५०० फेऱ्यांपर्यंत बिनतक्रार चढतं, आणि तेव्हाही पिस्टनचा सरासरी वेग सेकंदाला साडेबारा मीटरच्या आतच राहतो. शिवाय डिझेल थेट पिस्टनच्या माथ्यावर पडत नाही. हेडमधल्या एका छोट्या गोल पोकळीत, भोवऱ्यासारख्या फिरणाऱ्या हवेत ते फवारलं जातं, तिथं पेट घेतं आणि मग सिलिंडरात उतरतं. म्हणून त्याचा ठोका मऊ. कोलाडच्या पावसात काचा चढवून बसलात तर हा मऊपणा कानाला लगेच कळतो. जीपसारख्या रांगड्या गाडीला इतक्या सुसंस्कृत आवाजाचं इंजिन मिळालं, ही मला आजही भाग्याची गोष्ट वाटते.

या मऊपणाची किंमत असते. त्या पोकळीच्या भिंती उष्णता खातात, म्हणून थंड इंजिनाला हीटर प्लग लागतो आणि अ‍ॅव्हरेज थोडं कमी पडतं. इथंच डीआयचा, म्हणजे डायरेक्ट इंजेक्शनचा, मोह सुरू होतो. महिंद्राचं एमडीआय ३२०० इंजिन, २५२३ सीसीचं. व्यास ८८.९, धाव १०१.६ मिलिमीटर. हे अपूर्णांक विचित्र दिसतात, पण इंचात मांडा: साडेतीन आणि चार. या इंजिनाचं कूळ ट्रॅक्टरचं आहे. १९६३ साली महिंद्रानं इंटरनॅशनल हार्वेस्टरबरोबर ट्रॅक्टरची कंपनी काढली, त्या घराण्याची मापं यात उतरली आहेत. डिझेल थेट पिस्टनवर, हीटरची गरज नाही, डिझेल कमी लागतं, आणि सुटे भाग हवे तितके, कारण २५२३ सीसीचा हा वंश पुढं बोलेरो आणि पिकअपपर्यंत चालत आला. कोलाडच्या नाक्यावर दिवसभर त्या पिकअप ये-जा करतात. मालकाचा कल साहजिकच तिकडं होता.

मिस्त्रींनी त्याला इंजिनाबद्दल काही सांगितलंच नाही. ते मागच्या अ‍ॅक्सलबद्दल बोलू लागले. या जीपचे क्राउन-पिनियनचे दात ४५०० फेऱ्या फिरणाऱ्या इंजिनाच्या हिशेबानं कापलेले आहेत. डीआयची पूर्ण ताकद ३२०० फेऱ्यांनाच येते, पुढं गवर्नर त्याला सोडत नाही. म्हणजे ज्या फेऱ्यांना ही गाडी टॉपमध्ये ताशी ९० किलोमीटर धावायची, तिथं डीआय पोहोचणारच नाही; ३२००ला काटा ६४वर थांबेल. गवर्नर ढिला करून ४५००ला न्यायचं म्हटलं, तर चार इंचांच्या धावेत पिस्टनचा वेग सेकंदाला १५ मीटरच्या वर जाईल, आणि ट्रॅक्टरच्या कुळातल्या क्रँकवर तो अत्याचार. मग अ‍ॅक्सल बदला, दोन्ही बदला, कारण फोर-व्हीलमध्ये पुढच्या-मागच्या दातांचं प्रमाण एकच लागतं. इंजिनाबद्दलच्या प्रश्नाचं उत्तर अ‍ॅक्सलमध्ये शोधणारा माणूस गाडी अखंड बघतो. मला या सगळ्या निवडीत सर्वांत आवडलेली जागा हीच.

एक्सडी३पी हा दुसरा पर्याय, त्याच पेजो घराण्यातला थोरला भाऊ. ९४ बाय ९०, २४९८ सीसी. आर्माडा ग्रँडमध्ये हे इंजिन येत असे. स्वभाव तोच, ताकद वाढीव. ताम्हिणी चढून पुण्याला जायचं तर मन त्याच्याकडंच ओढ घेईल. पण अठरा टक्के मोठं इंजिन अठरा टक्के जास्त उष्णता टाकतं, आणि रेडिएटर, क्लच, गिअरबॉक्स आहेत ते बासष्ट घोड्यांच्या मापाचे. शिवाय कायदा. मोटार वाहन अधिनियम १९८८च्या कलम ५२प्रमाणं, उत्पादकानं ठरवलेल्या मूळ तपशिलाशी आर.सी. बुकातल्या नोंदी जुळणार नाहीत असा बदल मालकाला करता येत नाही, आणि इंजिन बदलायलाही नोंदणी अधिकाऱ्याची मंजुरी लागते. रायगडची एमएच-०६ मालिका पेणच्या आरटीओची. १५ वर्षं उलटलेली ही गाडी दर ५ वर्षांनी फेरनोंदणीला तिथंच उभी राहणार. तेव्हा फोर-नाइंटीच्या जागी फोर-नाइंटी. बाकीच्या गाडीला बदल झाल्याचं कळूही नये, इतकी नेमकी निवड.

मात्र जात ठरली तरी खरी परीक्षा नगाची. कुर्ल्याच्या जुन्या सुट्या भागांच्या बाजारात अशी इंजिनं ओळीनं मांडलेली असतात. काही चंदेरी रंगानं चकाचक, काही काळ्या किटणानं माखलेली. मिस्त्री चकाचक इंजिनांपाशी थांबलेच नाहीत. किटण खोटं बोलत नाही, हे त्यांचं सूत्र. ऑइल आणि धुळीचा जुना थर सलग असेल तर इंजिनाला कोणी हात लावलेला नाही; हेडच्या बोल्टभोवतीच तो तुटलेला असेल तर हेड कधीतरी उघडलंय, आणि ते का उघडलं याचं उत्तर विकणाऱ्यानं द्यायला हवं. मग बोट आत घालून ब्लॉकच्या खाचा आणि सेल्फची बैठक चाचपली. तिथं बारीक, घट्ट बसलेला गाळ सापडला तर इंजिन पाण्याखाली गेलेलं. महाडचा जुलै २०२१चा पूर ज्या पट्ट्यानं पाहिला, तिथल्या मिस्त्रींना हे शिकवावं लागत नाही. त्यानंतर नंबर. कारखान्यातला ठसा एका रेषेत, एका खोलीचा असतो. घासून पुन्हा ठोकलेल्या नंबरात एखादा आकडा हटकून तिरपा जातो, आणि आजूबाजूचं बीड जास्तच गुळगुळीत लागतं. असं इंजिन फुकट मिळालं तरी नको, कारण पेणला त्याची नोंद व्हायची नाही. एवढं सगळं एकही पाना न लावता तपासून झालं होतं.

पाना लागला तो क्रँकच्या पुलीवर. लांब दांड्यानं इंजिन हातानं फिरवायचं. या जातीच्या डिझेलमध्ये हवा वीसपटीहून जास्त दाबली जाते, त्यामुळं प्रत्येक सिलिंडर दांड्याला उलट रेटा देतो. चारही रेटे सारखे आहेत का, हे मनगटाला कळतं. पण कौशल्य पुढं आहे. दाब भरलेल्या जागी मिस्त्री दांडा तसाच धरून ठेवतात आणि कान लावतात. फुसफुस ऑइल भरायच्या तोंडातून आली तर रिंगा गेल्या. हवा आत ओढणाऱ्या मॅनिफोल्डमधून आली तर इनलेट व्हॉल्व्ह बसत नाही. सायलेन्सरच्या वाटेनं आली तर एक्झॉस्ट. मीटर न लावता, एका श्वासात तीन निदानं. एका नगाचा तिसरा सिलिंडर मॅनिफोल्डकडं किंचित श्वास सोडत होता. तोच त्यांनी निवडला! व्हॉल्व्ह घासून बसवता येतो, रिंगांचं दुखणं खर्चाचं. कुठला दोष पत्करायचा हे ज्याला उमजतं, त्याच्या हाती बाजाराची किल्ली असते.

सौदा करण्याआधी आणखी एक गोष्ट, जी मी तरी बघितली नसती. फ्लायव्हीलमागं टोमी लावून क्रँक पुढं-मागं हलवून पाहिला. क्लच दाबला की क्रँक पुढं ढकलला जातो. म्हणून सदोदित क्लचवर पाय ठेवून चालवणाऱ्याच्या गाडीत थ्रस्ट वॉशर आधी झिजतात आणि हा प्ले वाढतो. इथं तो जेमतेम जाणवेल इतकाच होता. म्हणजे आधीच्या गाडीवरच्या माणसाचा पाय हलका होता, आणि गिअर बदलून झाला की तो क्लचवरून उचलायचा. कधीही न भेटलेल्या माणसाचा हात-पाय एका लोखंडी दांड्याच्या हालचालीतून ओळखणं, ही विद्या पुस्तकातून येत नाही.

कोलाडला आणल्यावर हेड उतरलंच, गॅस्केट नवं घालायचं होतं. सिलिंडरच्या माथ्याशी, जिथं वरची रिंग थांबते, तिथं झिजेनं एक कंगोरा तयार होतो. मिस्त्रींनी त्यावरून नख फिरवलं. नख अडखळलं, पण अडकलं नाही. शितावरून भाताची परीक्षा झाली. बोअरिंगची गरज नव्हती. व्हॉल्व्ह घासले, फाउंडेशनचे रबर नवे घातले, क्लच प्लेट बदलली. चेन ब्लॉकवरून इंजिन उतरलं ते जुन्याच भोकांत, एकही पट्टी न कापता.

उरला डिझेलचा पंप. कुर्ल्याच्या इंजिनाबरोबर त्याचा स्वतःचा पंप आला होता, दिसायलाही बरा. मिस्त्रींनी तो काढून ठेवला आणि थकलेल्या इंजिनाचा पंप नव्यावर चढवला. जुना पंप अलीकडंच कॅलिब्रेट करून आणलेला होता, चारही नोझलांना सारखं डिझेल देत होता. त्या गाडीच्या दुखण्यात त्याचा काही वाटा नव्हता. टायमिंग जुळवलं, पाइप घट्ट केले, हवा काढली. हीटर काही सेकंद, मग सेल्फ. आधी थोडा पांढरा धूर, मग तो विरला आणि ठोका मऊ, एकसारखा बसला. मालकानं काढून ठेवलेला पंप विकू का म्हणून विचारलं. मिस्त्रींनी नको म्हटलं. त्याच्या तोंडाला कापड बांधलं आणि ऑइल लावून तो फळीवर ठेवून दिला. फोर-नाइंटीचा पंप आता मागितला तर मिळेलच असं नाही.