लवचिक पंख आणि ‘शकुन विमान’ : एक चिकित्सा

प्रस्तावना :
विज्ञानातील एखादे संशोधन प्रसिद्ध झाले की ते आपल्या प्राचीन ग्रंथांत पूर्वीच होते, असे प्रतिपादन करण्याची प्रवृत्ती महाराष्ट्राला नवी नाही. शिवकर बापूजी तळपदे यांनी १८९५ साली मुंबईच्या चौपाटीवर ‘मरुत्सखा’ हे मानवरहित विमान उडविल्याची कथा आणि जानेवारी २०१५ मध्ये मुंबई विद्यापीठात भरलेल्या १०२ व्या भारतीय विज्ञान काँग्रेसमधील प्राचीन विमानविद्येवरील निबंधवाचन, ही तिची ठळक उदाहरणे होत. या चर्चेत ‘वैमानिक शास्त्र’ हा ग्रंथ वारंवार आधारभूत मानला जातो. कीटकांच्या लवचिक पंखांविषयीच्या आधुनिक संशोधनामुळे या ग्रंथातील ‘शकुन विमाना’ला पुष्टी मिळते काय, याचा विचार येथे केला आहे.

ग्रंथाची चिकित्सा :
हा ग्रंथ पं. सुब्बराय शास्त्री यांनी १९१८ ते १९२३ या काळात सांगून लिहवून घेतला. जी. आर. जोसियर यांनी १९७३ मध्ये तो इंग्रजी भाषांतरासह प्रसिद्ध केला. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील पाच संशोधकांनी १९७४ मध्ये त्याची तपासणी केली. ग्रंथ विसाव्या शतकातील असून त्यातील एकही विमान उडण्यास समर्थ नाही, असा त्यांचा निष्कर्ष होता. शकुन विमान हे नावाप्रमाणेच पक्ष्यासारखे, बिजागरीच्या पंखांचे कल्पिलेले आहे.

येथे एक आक्षेप संभवतो. १९७४ पर्यंत कीटकांचे उड्डाणच पुरेसे उलगडलेले नव्हते, मग तो निर्णय अंतिम कसा मानावा? आक्षेप विचारार्ह आहे. वाइस-फॉग यांनी सूक्ष्म गांधीलमाशीच्या पंखांची टाळीसारखी हालचाल १९७३ मध्येच मांडली. एलिंग्टन व सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये पंखाच्या पुढच्या कडेवरील भोवरा दाखविला. या भोवऱ्यामुळे पंखाला जादा उचल मिळते. १९९९ मध्ये डिकिन्सन, लेहमन आणि साने यांनी तेलात हलणाऱ्या यांत्रिक पंखावर प्रत्यक्ष बल मोजले.

लवचिकतेचा प्रश्न :
कीटकाच्या पंखात स्नायू नसतात. तो हवेच्या व स्वतःच्या जडत्वाच्या बलाने वाकतो. कोम्ब्स आणि डॅनियल यांच्या २००३ च्या मापनानुसार पंख लांबीच्या दिशेने ताठ, तर रुंदीच्या दिशेने कितीतरी अधिक लवचिक असतो. २०१३ मध्ये भुंग्यासारख्या बंबल मधमाशीच्या पंखातील एक लवचिक सांधा कृत्रिमरीत्या ताठ केला असता तिची कमाल उचल ८.६ टक्क्यांनी घटली. म्हणजे बिजागरी असणे पुरेसे नाही; पंख कोठे, किती व केव्हा वाकतो, यावर उड्डाण अवलंबून असते.

शिवाय आकारमानाचा नियम आहे. आकार दुप्पट झाला तर पंखाचे क्षेत्रफळ चौपट, पण वजन आठपट होते. मधमाशी सेकंदाला सुमारे २३० वेळा पंख हलविते. माणसे वाहणाऱ्या यंत्राला हा वेग शक्य नाही. टोरंटो विद्यापीठाच्या ‘स्नोबर्ड’ने २०१० मध्ये माणसाला घेऊन पंख हलवीत उड्डाण टिकविले, पण त्यासाठी ३२ मीटर पंखविस्तार लागला आणि उड्डाण वीस सेकंदांहून कमी काळ टिकले. फडफडत्या पंखांचे यान अशक्य नाही, पण ते हिशेबाने सिद्ध होते, वर्णनाने नव्हे.

निष्कर्ष :
नव्या संशोधनाने १९७४ चा निर्णय बदलत नाही, उलट दावेदारावरील जबाबदारी वाढते. पंखाचा वेग, कोनबदल व ताठपणा ग्रंथात कोठे सांगितला आहे, हे त्याने दाखविले पाहिजे. तळपदे यांची जिज्ञासा आदरणीय आहे, परंतु आदर हा पुरावा नव्हे. खापरसारख्या सातपुड्याच्या परिसरातील विद्यार्थ्याला आग्या मोहोळ परिचित असते. ती माशी कशी उडते, हा त्याचा प्रश्न आहे. त्याचे उत्तर प्राध्यापकाने गौरवकथेने दिले, तर प्रश्न तेथेच संपतो. मोजमापाने दिले, तर तेथून अभ्यास सुरू होतो.