'जे' नसलेलं जहाज

अठराव्या-एकोणिसाव्या शतकातल्या ब्रिटिश युद्धनौकांचे कितीतरी आराखडे ग्रिनिचच्या सागरी संग्रहालयाकडे आहेत आणि त्यांतले बरेच ऑनलाइन बघता येतात. मी रात्री फोनवर ते झूम करत बसतो. लोक त्यांतल्या रेषांचं कौतुक करतात. रेषा देखण्या आहेतच, पण माझं म्हणणं असं की हे कागद आधी वाचायला हवेत.

एकाच कागदावर जहाज तीनदा काढलेलं असतं: बाजूने, वरून आणि समोरून. वरून अर्धंच, कारण उरलेला अर्धा भाग तसाच. प्रमाण बहुधा एका फुटाला पाव इंच. जहाजाचा सगळ्यात रुंद छेद जिथे असतो तिथे वर्तुळ आणि फुली अशी एक खूण. तिथून नाळेकडे जाताना बरगड्यांना ए, बी, सी अशी अक्षरं. सुकाणूकडे जाताना १, २, ३ असे आकडे.

एवढीशी युक्ती, पण बघा काय साधते. साच्यावर 'एफ' दिसलं की तो पुढच्या भागाचा, '६' दिसलं की मागचा. कुणाला विचारायला नको. तोच 'एफ' तिन्ही चित्रांत सापडतो. मग या रेषा मोठ्या लाकडी जमिनीवर पूर्ण मापात उतरवायच्या, त्यावरून पातळ फळ्यांचे साचे कापायचे, आणि साच्यांवरही त्याच खुणा. इथे अक्षर वाचायचं नसतं, जुळवायचं असतं. विशेषणांनी ओथंबलेली वर्णनं वाचून कंटाळा आला की मला हे लेखन फार बरं वाटतं.

अक्षरांच्या रांगेत बहुतेकदा 'आय'नंतर थेट 'के' येतो. 'आय' आणि 'जे' ही बराच काळ एकाच अक्षराची दोन रूपं मानली जात, आणि हाताने लिहिलेली तर पटकन वेगळी ओळखूही येत नाहीत. बरगडी चुकीच्या जागी बसण्यापेक्षा एक अक्षर गाळलेलं बरं.

सगळंच इतकं नेमकं नाही. जहाजाचं वजनमाप लिहिताना पूर्णांकापुढे चौऱ्याण्णव छेदाचा अपूर्णांक येतो, कारण सूत्रात शेवटी ९४ने भागायचं असतं. मुळात तो ढोबळ अंदाज! शेपटीला अपूर्णांक लावून त्याला अचूकपणाचा आव आणलेला आहे.

माझी खरी तक्रार वेगळी आहे, आणि ती मुंबईत बांधलेल्या 'त्रिंकोमाली' या फ्रिगेटपाशी सुरू होते. मूळ घडण 'हेबे' या फ्रेंच जहाजाची. इंग्रजांनी ते १७८२मध्ये पकडलं आणि त्यावरून आपले आराखडे बेतले. 'त्रिंकोमाली'चे कागद 'जावा' या जहाजातून मुंबईकडे निघाले. २९ डिसेंबर १८१२ला ब्राझीलजवळ अमेरिकेच्या 'कॉन्स्टिट्यूशन'ने 'जावा'ला हरवलं, पुढे ते जाळलं. कागदही गेले. मग दुसरी प्रत पाठवली गेली. म्हणजे नकलेची नकल, तीही दुसऱ्यांदा. तरी जहाज उभं राहिलं! खुणांची ही पद्धत किती भक्कम आहे, ते इथे कळतं.

पण ज्या पद्धतीत कागद कुणाच्याही हाती देता येतो, तिला तो हात कुणाचा याची पर्वा नसते. आराखड्यांवर सह्या नौदलाच्या सर्वेक्षकांच्या. मुंबईच्या गोदीत काम चाललं ते जमशेटजी बोमनजी वाडियांच्या देखरेखीखाली. ओकचा तुटवडा होता म्हणून लाकूड मलबारचं सागवान. कुठला ओंडका कुठल्या बाकाला चालेल, हे कोणत्याच अक्षराने सांगितलेलं नाही. ते बघून ठरवणारे डोळे तिथले होते. जमशेटजींचं इंग्रजी आद्याक्षर नेमकं 'जे' असावं हा निव्वळ योगायोग, त्यावर निबंध रचू नये हे मला कळतं. पण एकदा दिसल्यावर डोळ्यांसमोरून हलत नाही.

जहाज १२ ऑक्टोबर १८१७ला पाण्यात उतरलं. आज ते इंग्लंडमध्ये हार्टलपूलला आहे, अजून तरंगतंय. मे १८१६मध्ये बांधणी सुरू झाली तेव्हा पारशी रिवाजाप्रमाणे त्याच्या कण्यात कोरीव चांदीचा खिळा ठोकला होता. आराखडे बघताना कण्याच्या रेषेवर माझं बोट थोडं रेंगाळतं. तिथे फक्त रेष आहे.