शेवटचे दोन सेक्टर

लिनक्सवर सीडी लिहिताना अडचण आली की मिळणारे सल्ले ठरलेले असतात. वेग कमी करा, दुसऱ्या कंपनीची कोरी सीडी घ्या, ड्राइव्हचे भिंग पुसा. यांतला एकही सल्ला चुकीचा नाही. पण कोणता सल्ला कोणत्या लक्षणासाठी, हे सांगितलेले नसते, आणि तिथेच आमची तक्रार आहे.

२००५ साली आम्ही प्रयोगशाळेतील मोजमापे एका लॅपटॉपवरून सीडींवर उतरवत होतो. 'सीडीरेकॉर्ड' या प्रोग्रॅमने लिहायचे, मग 'डीडी' या आज्ञेने संपूर्ण सीडी परत वाचून मूळ फाइलशी ताडून पाहायची, असा आमचा रिवाज होता. लिहिताना सारे सुरळीत चाले; परत वाचताना मात्र 'इनपुट-आउटपुट एरर'. आम्ही वेग १६ पटींवरून ८ वर आणि मग ४ वर आणला, सीडींचा खोका बदलला. अकरा सीडींवर 'खराब' असा शेरा मारून झाल्यावर एका विद्यार्थिनीने विचारले, "सर, सीडी खराब आहे तर दर वेळी चूक शेवटीच का येते?"

हा प्रश्न पहिल्याच दिवशी आम्हाला पडायला हवा होता. ओरखडा किंवा हलक्या प्रतीचा रंगद्रव्याचा थर कुठेही दगा देईल. तो शेवटाची वाट पाहत बसणार नाही.

खरे कारण लिहिण्याच्या पद्धतीत होते. सीडीवर एक एक ट्रॅक सुटा लिहिण्याची जी पद्धत आहे, तिच्यात ट्रॅक संपताना लेसर बंद होतो आणि मागे दोन सेक्टर असे उरतात, की ज्यांत वाचण्याजोगे काहीच नसते. ट्रॅकची लांबी सांगताना ड्राइव्ह मात्र हे दोन्ही सेक्टर धरून सांगतो. लिनक्सचा गाभा, म्हणजे कर्नेल, त्या आकड्यावर विश्वास ठेवतो आणि वेग साधण्यासाठी पुढचे बरेच सेक्टर एकदम मागवतो. त्या गठ्ठ्यात हे दोन आले की चूक होते, आणि कधी कधी शेजारचे चांगले सेक्टरही हाती लागत नाहीत. ८० मिनिटांच्या सीडीत ३,६०,००० सेक्टर असतात. त्यांतल्या दोनांपायी आम्ही अख्ख्या सीडीला दोषी ठरवत होतो!

गंमत अशी की हे सारे मार्गदर्शिकेत लिहिलेले होते. सीडीरेकॉर्डच्या जोडीने येणाऱ्या 'एमकेआयसोएफएस'च्या मार्गदर्शिकेत 'पॅड' या पर्यायाखाली सांगितले आहे, की फाइलप्रणालीच्या शेवटी १५० कोरे सेक्टर जोडावेत, कारण लिनक्ससारख्या प्रणालींच्या आगाऊ वाचनात दोष आहेत. परिच्छेद बरोबर आहे, पण अडलेल्या माणसाला तो सापडणार नाही. चूक दिसते वाचताना. खुलासा ठेवला आहे इमेज बनवणाऱ्या प्रोग्रॅमच्या पानावर. पडद्यावर कोणता संदेश उमटेल याचा उल्लेख नाही. दोष कोणाचा, हे मात्र ठणकावून सांगितले आहे.

हा ठणकावा त्या प्रोग्रॅममध्येही दिसे. ड्राइव्हचा पत्ता तीन आकड्यांत न देता लिनक्सच्या साध्या नावाने दिला, की वापरणाऱ्यालाच ताकीद मिळे. कर्ते यॉर्ग शिलिंग यांचे काम मोठे, यात वाद नाही. नाना तऱ्हेचे ड्राइव्ह त्यांनी एका आज्ञेखाली आणले. पण त्यांचे आणि लिनक्सवाल्यांचे कधी पटले नाही. ऑगस्ट २००४ मध्ये कर्नेलच्या २.६.८ या आवृत्तीने ड्राइव्हला द्यायच्या आज्ञांवर निर्बंध आणले आणि सामान्य वापरकर्त्याचे सीडी लिहिणे अडले. २००६ साली परवान्याच्या वादातून डेबियनने 'सीडीआरकिट' ही वेगळी शाखा काढली. शिलिंग २०२१ साली वारले. या भांडणात कोण बरोबर, याने आमच्या अकरा सीडींना काही फरक पडत नव्हता. त्यांना हवे होते एकच वाक्य: शेवटी चूक दिसली तर आधी सेक्टर मोजा.

मोजणे सोपे आहे. मूळ इमेज फाइलचे बाइट २०४८ ने भागावेत, येईल तितकेच सेक्टर डीडीला वाचायला सांगावेत आणि दोन्हींचे चेकसम ताडावेत. ते जुळले तर सीडी ठीक. चूक मध्येच, दर वेळी वेगळ्या जागी आली, तर मात्र वेग, कोरी सीडी, भिंग यांकडे वळावे. ड्राइव्ह बाहेरून यूएसबीने जोडलेला असेल तर विजेकडेही पाहावे: यूएसबी २ चे एक तोंड ५०० मिलिअँपिअरपर्यंतच हमी देते, आणि लिहिताना लेसरला व मोटरला मिळून ते अपुरे पडू शकते. दोन तोंडांच्या केबली त्यासाठीच निघाल्या.

आम्ही कपाटातल्या अकराही सीडी याप्रमाणे पुन्हा वाचल्या. नऊ अगदी बिनचूक निघाल्या. उरलेल्या दोन खरोखरच खराब होत्या, आणि दोन्हींत चूक मधेच कुठेतरी होती.